एमजीबीचा गिअरबॉक्स कंपनीचाच आहे का, हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भायखळ्याच्या एका गॅरेजमध्ये उभी असलेली एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश, दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार) तुम्हाला घ्यायची आहे. आरसी बुकात साल १९६८, चेसिस नंबर जीएचएन३ ने सुरू होतो, इंजिनच्या पट्टीवर १८जीबी-यू-एच आहे. मालक म्हणतात, सगळे नंबर मॅचिंग आहेत (म्हणजे कारखान्याच्या नोंदीशी जुळतात), गिअरबॉक्स कंपनीचाच. तुमचा मेकॅनिक म्हणतो, चालत्या गाडीत पहिला गिअर आवाज न करता पडतोय, म्हणजे बॉक्स नंतरच्या गाडीचा. गाडी न खोलता खरं-खोटं कसं करायचं, आणि बॉक्स बदललेला निघाला तर गाडी सोडून द्यायची का?

दिलेल्या माहितीवरून मेकॅनिकचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता जास्त वाटते. पण पहिल्या गिअरची चाचणी नीट केली नाही तर ती हमखास फसवते, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका.

आधी एक गुंता सोडवायला हवा. तुमच्या सौद्यात तीन प्रश्न एकत्र आलेत. कारखान्यातून या गाडीसोबत निघालेला तोच बॉक्स आत आहे का? तोच नसेल तर निदान त्याच प्रकारचा आहे का? आणि जो आहे तो धड आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एमजीबीच्या बाबतीत कागदावर सिद्ध करता येत नाही. दुसऱ्याचं उत्तर अर्ध्या दिवसात, इंजिन न उतरवता, खात्रीने देता येतं. तिसऱ्याला एक फेरी आणि थोडं तेल काढून बघणं पुरतं. मालक पहिल्याचे पैसे मागतायत. तुम्ही दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे द्यावेत.

पहिला प्रश्न कागदावर का सुटत नाही ते सांगतो. एमजीबीच्या चेसिस प्लेटवर गिअरबॉक्सचा नंबर नसतो. आपल्या आरसी बुकात चेसिस आणि इंजिन एवढेच नंबर येतात. इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यात गाडी तयार झाल्याची तारीख, इंजिन नंबर, बॉडी नंबर, मूळ रंग, गाडी कुठे पाठवली आणि कारखान्यातून बसवलेली जादा साधनं यांची माहिती असते. ते जरूर मागवा, कारण इंजिनची पट्टी खरी की आणून ठोकलेली हे त्यावरूनच ठरेल. पण बॉक्सवर पंच केलेला नंबर सापडला तरी तो कशाशी ताडायचा? जग्वार ई-टाइपच्या प्लेटवर चेसिस, इंजिन आणि बॉडीच्या जोडीला गिअरबॉक्सचाही नंबर असतो, त्यामुळे त्या गाडीबद्दल 'मॅचिंग' म्हणण्याला अर्थ आहे. एमजीबीच्या बॉक्सबद्दल कोणी तसं म्हणालं तर त्याला एवढंच विचारा, कशाशी मॅचिंग?

आता प्रकार ओळखण्याकडे येऊ. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात अॅबिंग्डनला बनली. सुरुवातीच्या मार्क १ गाड्यांत पुढचे चार गिअर आणि त्यातल्या वरच्या तिघांनाच सिंक्रोमेश (गिअर पडण्याआधी दातांचा वेग जुळवणारी रचना) होता, म्हणून त्याला 'तीन सिंक्रो' बॉक्स म्हणतात. नोव्हेंबर १९६७ मध्ये मार्क २ आली तेव्हा पहिल्या गिअरलाही सिंक्रो मिळाला. हा 'चार सिंक्रो' बॉक्स म्हणजे जुन्याचीच सुधारलेली आवृत्ती नव्हे. तो आकाराने मोठा आहे. त्याच्यासाठी बॉडीतला गिअरबॉक्सचा बोगदा (बॉक्स झाकणारा पत्रा) रुंद करावा लागला, खालचा क्रॉसमेंबर (बॉक्सला आधार देणारी आडवी पट्टी) बदलला, इंजिन आणि बॉक्सच्या मधली मागची प्लेट, फ्लायव्हील (इंजिनमागचं जड चाक) आणि स्टार्टरही बदलले. ओळखण्याची सगळी किल्ली इथे आहे. मार्क १ गाडीत चार सिंक्रो बॉक्स घालणाऱ्याला या सगळ्या भागांना हात लावावा लागतो, आणि त्या खुणा पुसणं बॉक्स बदलण्यापेक्षा अवघड असतं. म्हणून बॉक्सकडे कमी बघा, त्याच्या आजूबाजूच्या गाडीकडे जास्त बघा.

साल बघून प्रकार ठरवू नका, विशेषतः १९६७ आणि १९६८. आरसीतलं साल बहुतेक वेळा इथल्या नोंदणीचं असतं. गाडी कारखान्यातून कधी निघाली, बोटीने कधी आली, मुंबईत आरटीओत कधी गेली, यात वर्ष-दोन वर्षांचं अंतर सहज पडतं. चेसिसच्या नंबरातली अक्षरं जास्त भरवशाची. त्यातला जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीच्या वर्गातलं इंजिन, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी (जीटी कूपेला तिथे डी येतो), आणि शेवटचा आकडा मालिकेचा. ३ म्हणजे मार्क १, ४ म्हणजे मार्क २, पुढे ५. तुमचा नंबर जीएचएन३ आहे, म्हणजे आरसीत १९६८ असलं तरी गाडी मार्क १ आहे आणि तिच्यात मुळात तीन सिंक्रो बॉक्सच असणार.

इंजिनची पट्टीही तेच सांगते, आणि बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की त्या पट्टीत गिअरबॉक्सची माहिती दडलेली आहे. १८जीबी हे पाच मेन बेअरिंगचं इंजिन ऑक्टोबर १९६४ पासून मार्क १ संपेपर्यंतचं. यू म्हणजे मधोमध, जमिनीवर असलेली गिअरची दांडी. एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन. कारखान्यातून ओव्हरड्राइव्ह (बॉक्सच्या मागे बसणारं, त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारं जादा युनिट) लागलेला असता तर १८जीबी-आरयू-एच असं आलं असतं. मार्क २ मध्ये १८जीडी सुरू झालं: चार सिंक्रो मॅन्युअलला १८जीडी-डब्ल्यूई-एच, ओव्हरड्राइव्हसह असेल तर १८जीडी-आरडब्ल्यूई-एच, आणि बॉर्ग वॉर्नर ३५ ऑटोमॅटिकला १८जीडी-आरसी-एच. हे शेवटचं लक्षात ठेवा. मार्क २ बघताना इंजिनच्या पट्टीवर १८जीडी-आरसी असेल आणि आत हाताने टाकायचा गिअर असेल, तर ती गाडी ऑटोमॅटिक म्हणून जन्मली आणि नंतर मॅन्युअल केली गेली, मालक काहीही म्हणोत.

पट्टी इंजिनच्या उजव्या अंगाला, ब्लॉकवर रिव्हेटने बसवलेली असते. म्हणजे ती काढून दुसऱ्या ब्लॉकवर लावता येते. रिव्हेटची डोकी बघा. आजूबाजूच्या जुन्या रंगात, तेलकट थरात रिव्हेट एकजीव झालेले असतील तर ठीक. रिव्हेट चमकदार, पॉप रिव्हेट किंवा स्क्रू असतील तर पट्टीवर विसंबू नका आणि हेरिटेज सर्टिफिकेट येईपर्यंत थांबा. कोपऱ्यात वाकून पुन्हा सरळ केलेल्या पट्टीचाही संशय घ्या.

पहिल्या गिअरची चाचणी अशी करा. माझगाव किंवा रे रोडच्या गोदामांमधला एखादा रिकामा सरळ रस्ता सकाळी लवकर गाठा. बॉक्स गरम होऊ द्या. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी १२ ते १५ किमी वेग ठेवा, क्लच पूर्ण दाबा, न्यूट्रलला आणा, अॅक्सिलरेटरला हात-पाय काही लावू नका, आणि दोन बोटांच्या जोराने दांडी पहिल्याकडे न्या. तीन सिंक्रो बॉक्समध्ये दात लगेच किरकिरतात आणि दांडी हाताला थरथर देते. तिथेच सोडा, रेटू नका. चार सिंक्रोमध्ये क्षणभर दांडी अडते आणि मग सरळ आत जाते.

ही चाचणी तीन कारणांनी फसते. वेग फार कमी असेल तर तीन सिंक्रोतही पहिला मुकाट पडतो. या गाडीत आयडलच्या ८०० आरपीएमला पहिल्या गिअरमध्ये वेग साधारण ताशी ६ किमी येतो, त्याच्या जवळपास दातांचा वेग आपोआप जुळतो. दुसरं, जुने चालक सवयीने डबल क्लच मारतात (न्यूट्रलमध्ये क्लच सोडून इंजिनचा वेग जुळवतात आणि पुन्हा दाबतात), त्यांच्या हाती कुठलाच बॉक्स ओरडत नाही. मेकॅनिकने चाचणी केली तेव्हा स्टीअरिंगवर कोण होतं, ते विचारा. तिसरं उलट बाजूने, चार सिंक्रो बॉक्सची पहिल्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असेल तर तोही किरकिरतो. म्हणून किरकिर ऐकू आली तर निष्कर्ष काढू नका. १२ किमीच्या वर, डबल क्लच न मारता, परत परत गुपचूप पडला तरच मेकॅनिकचं म्हणणं पक्कं धरा.

याहून भक्कम पुरावा हवा असेल तर गिअरचं प्रमाण मोजा. याला एक जॅक, चार भक्कम स्टँड, खडू, क्रँक पुलीच्या (इंजिनच्या पुढच्या टोकाला असलेल्या पट्ट्याच्या चाकाच्या) नटाला बसणारा सॉकेट आणि एक मदतनीस लागतो, एवढंच. तीन सिंक्रो बॉक्सचा पहिला गिअर ३.६४ ला १ आहे, चार सिंक्रोचा ३.४४ ला १. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधला फरक हाताने मोजण्याइतका नाही, चौथा दोन्हीत सरळ १ ला १. म्हणून पहिलाच मोजायचा.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, मागची दोन्ही चाकं उचलून अॅक्सलखाली स्टँड द्या, हँडब्रेक सोडा. चारही प्लग काढा, नाहीतर कॉम्प्रेशनमुळे क्रँक झटक्याने सुटतो आणि मोजणी चुकते. इग्निशन बंद, बॅटरीची एक वायर सोडलेली. पहिला गिअर टाका. क्रँक पुलीवर आणि तिच्या समोरच्या स्थिर भागावर खडूची रेघ ओढा. तशीच रेघ प्रोपेलर शाफ्टच्या (बॉक्समधून मागच्या अॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजवर आणि त्याच्या शेजारी ओढा. मदतनीस गाडीखाली फक्त शाफ्टचे फेरे मोजेल, तुम्ही पुलीचे. पुढून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवा. शाफ्टचे बरोबर १० फेरे होईपर्यंत क्रँकचे किती होतात ते बघा. ३६ आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त आले तर तीन सिंक्रो. साडेचौतिसाला थोडं कमी आले तर चार सिंक्रो. दोन्हींत जवळजवळ दोन फेऱ्यांचं अंतर आहे, त्यामुळे पाव-अर्ध्या फेऱ्याची चूक झाली तरी निकाल बदलत नाही. फेरे चाकाचे मोजू नका. डिफरन्शिअलमुळे एक चाक जास्त, एक कमी फिरतं किंवा एकच फिरतं, आणि हिशेब कोलमडतो. बॉक्सला ओव्हरड्राइव्ह असला तरी इग्निशन बंद असताना तो सरळ १ ला १ राहतो, त्यामुळे मोजणीला बाधा येत नाही.

गाडी वर असतानाच खालून बघून घ्या. स्टार्टर आधी. मार्क १ ला साधा इनर्शिया स्टार्टर होता, नुसता नळकांडा, आणि सोलेनॉइड (स्टार्टरला करंट देणारा विजेचा स्विच) वेगळा, इंजिनच्या खोलीत आतल्या भिंतीवर. चार सिंक्रोसोबत प्री-एंगेज्ड स्टार्टर आला, ज्याच्या पाठीवरच सोलेनॉइड बसलेला असतो. दोन्हींचे फ्लायव्हीलचे दात वेगळे, त्यामुळे स्टार्टर उगाच कोणी बदलत नाही. तुमच्या गाडीत पाठीवर सोलेनॉइड असलेला जुना लुकास स्टार्टर दिसला तर मागची प्लेट आणि फ्लायव्हीलही मार्क २ चे आहेत असं समजा. मात्र हल्लीचा नवा, छोटा गिअर-रिडक्शन स्टार्टर असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, तो दोन्ही प्रकारांसाठी मिळतो.

मग बोगदा. कार्पेट उचलून पायाजवळच्या दोन्ही बाजू हाताने चाचपा. मार्क १ च्या अरुंद बोगद्यात मोठा बॉक्स बसवायला पत्रा हातोडीने बाहेर रेटावा लागतो किंवा कापून नवा तुकडा जोडावा लागतो. हातोडीचे खड्डे, गॅस कटिंगची वेडीवाकडी कड, एकाच बाजूला असलेला वेल्ड, कारखान्याच्या स्पॉट वेल्डच्या ओळीत मध्येच पडलेला खंड, हे शोधा. मुंबईच्या हवेत अशा जोडाला पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत गंज धरतो, म्हणून त्यावर बहुतेक वेळा जाड काळं अंडरकोटिंग मारलेलं असतं. सगळी गाडी खालून जुनी आणि फक्त बोगद्याभोवती कोटिंग ताजं असेल तर कारण विचारा. खालचा क्रॉसमेंबर तपासताना त्याची भोकं बघा. लांबट केलेली किंवा नव्याने पाडलेली भोकं म्हणजे माउंटिंग जमवून घेतलेलं आहे. तुलना करायला एखादी न छेडलेली मार्क १ बघता आली तर फार उपयोग होतो. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅलीत एमजी येतात, मालक बहुधा आनंदाने दाखवतात.

ओव्हरड्राइव्हचा मुद्दा तुमच्या गाडीत सोपा आहे. पट्टीवर आर नाही, म्हणजे कारखान्याचा ओव्हरड्राइव्ह नव्हता. तरीही डॅशबोर्डवर स्विच किंवा बॉक्सच्या मागे ओव्हरड्राइव्ह दिसला तर तो नंतर आला, आणि कुठला आला यावरून बॉक्स कळतो. तीन सिंक्रोला लेकॉक कंपनीचा डी-टाइप लागायचा, चार सिंक्रोला त्याच कंपनीचा एलएच. एलएचवर पत्र्याचं लेबल असतं: २२/६१९७२ काळ्या रंगात आधीच्या, २२/६२००५ निळ्या रंगात १९७४-७५ नंतरच्या युनिटवर. यातलं कुठलंही लेबल दिसलं तर खडू-सॉकेटची गरज उरत नाही, कारण एलएच तीन सिंक्रो बॉक्सला कारखान्याने कधी जोडलाच नाही.

ओव्हरड्राइव्ह चालतो का ते बघायला पहाटे ईस्टर्न फ्रीवे बरा. चौथ्यात ताशी ८० ला सुमारे २,८०० आरपीएम असतात, ओव्हरड्राइव्ह लागला की २,२५० ते २,३०० वर यायला हवेत. त्याआधी गाडी उभी असताना आणि इंजिन बंद असताना एक गोष्ट आवर्जून तपासा. इग्निशन चालू, ओव्हरड्राइव्हचा स्विच चालू, आणि दांडी एकेका गिअरमध्ये टाकून सोलेनॉइडचा टिक असा आवाज ऐका. तो फक्त तिसऱ्या आणि चौथ्यात यायला हवा (१९७७ पासूनच्या गाड्यांत फक्त चौथ्यात). पहिल्या किंवा रिव्हर्समध्येही टिक झालं तर कोणीतरी बॉक्सवरचा इनहिबिटर स्विच वायर जोडून बायपास केलाय. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना रिव्हर्स घेतला तर आतला एकदिशा क्लच आणि ब्रेक रिंग एकमेकांविरुद्ध अडकतात आणि युनिट फुटतं. अशी गाडी दुरुस्तीआधी मागे घेऊ नका.

आपल्याकडचा एक खास प्रकार वेगळा सांगायला हवा. अॅम्बॅसडरचं जुनं १,४८९ सीसी इंजिन बीएमसीच्या बी-सिरीजचं, म्हणजे एमजीबीच्याच घराण्यातलं. त्यामुळे आयात बंद होती त्या काळात इथल्या एमजींमध्ये अॅम्बॅसडरचे भाग शिरले. अॅम्बॅसडरचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर होता, म्हणून तिच्या बॉक्सचे सिलेक्टर लिव्हर बाजूने बाहेर येतात. एमजीत वरून रिमोट हाउसिंग असतं आणि दांडी त्यातून निघते. बॉक्सच्या बाजूला बंद केलेली भोकं, वेल्ड करून बुजवलेले शाफ्ट किंवा वरचं हाउसिंग घडवून बसवल्याच्या खुणा दिसल्या तर तो मिश्र बॉक्स आहे. तो चालू शकतो, पण त्याला एमजीबीचा बॉक्स म्हणून पैसे द्यायचे नाहीत.

बॉक्सवरच्या आकड्यांबद्दल थोडं. उठावदार, साच्यातून आलेले आकडे हे कास्टिंग नंबर. हजारो बॉक्सवर तोच असतो. खोलगट, ठोकून उमटवलेले आकडे त्या एका बॉक्सचे. बघणारे बरेचदा पहिल्यालाच सीरियल नंबर समजून आनंदतात. केसिंग अॅल्युमिनियमचं आहे, तेव्हा लोखंडी ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका, आकडे उडतील. रॉकेल आणि दात घासायचा ब्रश, मग सुकं फडकं, मग कागद ठेवून पेन्सिल प्रिंट घ्या, जशी आरटीओसाठी चेसिसची घेतात. टॉर्च तिरका धरून फोटो काढा. जुन्या आकड्यांच्या तळाशी समुद्राच्या हवेने आलेला पांढरट थर असतो. आजूबाजूचा पृष्ठभाग जुना, खडबडीत, पण आकड्यांच्या जागी गुळगुळीत आणि आकड्यांच्या कडा धारदार असतील तर ते अलीकडे ठोकलेले आहेत. एमजीबीत हे ताडायला वही नाही, पण खोटा नंबर ठोकणारा विक्रेता बाकी कुठे प्रामाणिक असेल, याचा विचार करा.



आता बॉक्स धड आहे का. क्लच वर असताना न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबल्यावर शांत, तर इंजिनकडच्या बाजूची बेअरिंग किंवा ले-शाफ्ट (बॉक्समधला गिअरांचा दुसरा, समांतर दांडा) खराब. पहिल्या तिघांत आवाज आणि चौथ्यात तो जवळजवळ नाहीसा, तर ले-शाफ्ट आणि त्याच्या सुई-बेअरिंग, कारण चौथ्यात जोर सरळ जातो, ले-शाफ्टवर येत नाही. तिसऱ्यात अॅक्सिलरेटर सोडल्यावर दांडी उडून न्यूट्रलला आली तर सिंक्रो हबचे दात गोल झालेत. मग ड्रेन प्लग सैल करून वाटीभर तेल पांढऱ्या थाळीत घ्या. बारीक पिवळसर चकाकी थोडी असणारच, ती सिंक्रो रिंगांची. नखाने पकडता येईल असा लोखंडी कीस आला तर बॉक्स उघडावाच लागेल. तेलाला गंधकाचा उग्र वास असेल तर कोणीतरी ईपी ९० हे गिअर ऑइल भरलंय. या बॉक्सला २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल लागतं. चार सिंक्रोत ओव्हरड्राइव्ह नसेल तर ३ लिटर, असेल तर सुमारे ३.४ लिटर. ईपी तेल ओव्हरड्राइव्हच्या कोन क्लचला निसरडं ठरतं.

राहिला पैशांचा आणि निर्णयाचा प्रश्न. इथे तुम्हाला गाडी कशासाठी हवी यावर बरंच अवलंबून आहे. चालवायला हवी असेल तर नीट बसवलेला चार सिंक्रो बॉक्स मुंबईच्या थांबत-चालत ट्रॅफिकमध्ये मूळच्यापेक्षा सोयीचा आहे, तो दोष मानू नका. स्पर्धेत, जजिंगला उभी करायची असेल तर कापलेला बोगदा हा खरा तोटा, बॉक्स नव्हे. बॉक्स परत बदलता येतो, पत्रा पहिल्यासारखा करायला उत्तम डेंटर आणि बरेच पैसे लागतात. केंद्राच्या २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीचे चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा असं म्हटलंय, गिअरबॉक्सचा उल्लेख नाही. तरी बॉडी कापलेली असेल तर तिथे अडचण येऊ शकते, म्हणून बोगद्याचे फोटो सौद्याआधी काढून ठेवा. व्हीए मालिकेच्या (व्हिंटेज गाड्यांच्या खास नंबरांच्या) नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, ते हिशेबात धरा.

चाचण्यांतून चार सिंक्रो ठरला तर मालकांशी वाद घालू नका. त्यांनी गाडी तशीच विकत घेतली असेल. त्यांना आणि त्यांच्या जुन्या मेकॅनिकला विचारा, काढलेला बॉक्स कुठे आहे? अशा गाड्यांचा जुना बॉक्स बरेचदा गॅरेजच्या माळ्यावर तेलकट पोत्यात पडलेला असतो, कोणी भंगारात घातलेला नसतो. सापडला तर तो गाडीच्या किमतीतच मागून घ्या, आणि नुसता बॉक्स नको. त्याच्यासोबतची मागची प्लेट, फ्लायव्हील, इनर्शिया स्टार्टर, क्रॉसमेंबर आणि प्रोपेलर शाफ्ट असेल तेवढं सगळं घ्या. हे सुटे भाग जमवण्यात बॉक्सपेक्षा जास्त वेळ जातो.